फुकटच्या पुस्तकावरचा संशय

तुळशीराम ओव्हाळ गेल्याची बातमी मला कॉलेजच्या ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाली, त्याच ग्रुपने गेल्या वर्षी आमच्या क्रीडाशिक्षकांना जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली होती. पंधरा-वीस जणांनी हात जोडून झाल्यावर खुद्द क्रीडाशिक्षकांनी 'सर्वांचा आभारी आहे' असं लिहिलं आणि मग ग्रुप दोन दिवस गप्प होता. त्यामुळे त्या सकाळी 'ओव्हाळ सर आपल्यात राहिले नाहीत' हे वाचून मी जागचा हललो नाही. वरच्याच ओळीत संस्थेच्या अध्यक्षांना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या आणि कुणीतरी दोन्ही मजकुरांना मिळून एकच गुलाबाचं फूल पाठवलं होतं. अशा ठिकाणच्या बातमीवर कोण विश्वास ठेवणार? मी सरळ तुळशीरामलाच फोन लावला. माणूस गेला की नाही हे त्यालाच विचारावं, ही पद्धत मी त्याच्याकडूनच शिकलो होतो. चार-पाच वेळा वाजून फोन उचलला गेला आणि मी म्हणालो, "काय बे, मेलास म्हणतात..." पलीकडून सुजाताचा, त्याच्या मुलीचा आवाज आला. "काका, खरंय. पहाटे. बीडला, दवाखान्यात." फोन ठेवताना ती म्हणाली, "तुमी फोन करून विचारणार हे मला माहीत होतं. बाकी सगळ्यांनी नुसतं फूल टाकलं."

या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. पाटोद्याजवळच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो, तिथे तुळशीराम समाजशास्त्र शिकवायला आला तेव्हा आम्ही दोघंही तिशीच्या आत होतो. पहिल्याच आठवड्यात तो ग्रंथालयात आला, कार्डांचा खण ओढून एक कार्ड काढलं आणि म्हणाला, "हे पुस्तक पाहिजे." मी शोधायचं नाटक केलं आणि सांगितलं की ते बाइंडिंगला गेलंय. त्याने शांतपणे विचारलं, "कोणत्या साली?" मी हसलो, तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी तीन कार्डं काढून आणली. तीही पुस्तकं नव्हती. माझ्या आधीच्या ग्रंथपालाच्या काळापासूनच ती नव्हती, पण कार्डं मात्र नियमाने पुसून ठेवलेली होती. "मी तक्रार करायला आलेलो न्हाई," तो म्हणाला. "इथल्या कागदावर किती भरवसा ठेवायचा ते बघत होतो." आमच्या मैत्रीची सुरुवात ही अशी. पुढच्या चाळीस वर्षांत आम्ही बरोबर बसून संशय घेतला नाही अशी गोष्ट गावात फार थोडी उरली असेल. फरक एवढाच, की तो संशय घेऊन तपासायला जायचा आणि मी संशय घेऊन घरी जेवायला जायचो.

मधे एक काळ असा आला की प्राध्यापकांना बढतीसाठी पुस्तकं दाखवावी लागू लागली. मग जो तो ग्रंथकार झाला. शिंप्याच्या दुकानावरच्या माडीत प्रकाशनसंस्था निघाल्या, पुस्तकावर आयएसबीएन क्रमांक आला, मलपृष्ठावर सुटाबुटातला लेखक आला, आत काय आलं ते छापणाऱ्यालाही माहीत नसे. लेखक हौसेने प्रत भेट देत आणि मी ती पावती करून कपाटात लावत असे. दोन कपाटं अशा पुस्तकांनी भरली. त्यांतलं एकही पुस्तक कुणी कधी घरी वाचायला नेलं नाही, लेखकाच्या बायकोनेसुद्धा नाही. तुळशीरामला सगळे सांगायचे, "सर, एखादं काढून टाका की." तो म्हणायचा, "काढायला ते फोड हाय का?" बढती न घेताच तो निवृत्त झाला. निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्याच्या 'अफाट ग्रंथसंपदेचा' उल्लेख केला, कारण भाषण आदल्या वर्षीच्या निरोपसमारंभाचं होतं.

एक पुस्तक मात्र तो लिहीत होता. त्याच्या आजोळचं गाव आणि आजूबाजूची तीन गावं, तिथली बौद्ध कुटुंबं आणि त्यांनी कसलेलं गायरान. गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. भूमिहीन घरांनी पिढ्यांमागे त्यातले खडकाळ तुकडे फोडले, दगड वेचले, बांध घातले आणि पेरायला सुरुवात केली. कसणारे कसतात, कागदावर नाव नाही. कुणी कोणता तुकडा कधी फोडला, कुणी पेटवला, कुणी पुन्हा पेरला, हे सगळं म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी होतं आणि तुळशीराम वीसेक वर्षं ते लिहून घेत होता. त्याची लिहायची रीत मी दुसऱ्या कुठल्याही विद्वानात पाहिलेली नाही. प्रकरण मराठीत लिहून झालं की तो रविवारी वंदनेनंतर विहारापुढच्या ओट्यावर बसून ते मोठ्याने वाचून दाखवायचा, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनाच. आणि ती मंडळी काही ऐकून घेणारी नव्हती. "मूग न्हवता, मटकी व्हती." "ती माझी जाऊ न्हाई, नणंद." "एवढा मोठा दगड एकट्यानं हलतो का, इचार करून लिवत जा." तुळशीराम मान खाली घालून दुरुस्त करायचा. मग घरी येऊन तेच इंग्रजीत लिहायचा. मी एकदा म्हणालो, "अरे, संशोधन आहे की ग्रामसभा?" तो म्हणाला, "ग्रामसभेत खोटं बोललेलं चालतं."

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एक दिवस तो छापलेला एक ई-मेल घडी करून खिशात घालून माझ्याकडे आला. परदेशातल्या एका विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने त्याचा एक जुना लेख वाचून पुस्तकाचं हस्तलिखित मागवलं होतं. लेखकाने काही द्यायचं नाही. पुस्तक निघालं की जगात कुणालाही ते संगणकावर किंवा फोनवर फुकट वाचता येईल, उतरवून घेता येईल. मी चष्मा लावून तो कागद तीन वेळा वाचला. ज्या माणसाने आयुष्यभर माडीवरचे प्रकाशक पाहिले, त्याला 'फुकट' या शब्दाने घाम फुटतो. आमच्याकडे लग्नातलं जेवण फुकट असतं, तरी पाकीट न्यावं लागतं. "यात काहीतरी असणार," मी म्हणालो. "मलाबी तेच वाटतंय," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी काम मिळाल्याचं समाधान होतं. आठवडाभर आम्ही त्या संस्थेच्या मागे लागलो. विद्यापीठ खरं निघालं. आधीची पुस्तकं खरी निघाली. त्यांतल्या एका लेखकाला तुळशीरामने पत्र लिहून 'आपण खरोखर आहात काय' असं सभ्य भाषेत विचारलं. तोही खरा निघाला. काहीच खोटं सापडेना तेव्हा माझा संशय दुप्पट झाला.

हस्तलिखित गेलं आणि सहा महिन्यांनी दोन अनामिक तज्ज्ञांचे अभिप्राय आले. विद्यापीठाच्या प्रकाशनात ही रीतच असते, पुस्तक आधी त्या विषयातल्या माणसांना वाचायला देतात आणि त्यांचं नाव लेखकाला कळू देत नाहीत. मला ती रीत पटली नाही. नाव न सांगता बोलणाऱ्या माणसाला आमच्याकडे चांगलं समजत नाहीत. पण तुळशीराम ते अभिप्राय घेऊन आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. दुसऱ्या तज्ज्ञाने अकरा पानं लिहिली होती आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरणाखाली एकच प्रश्न विचारला होता, हे लेखकाला कशावरून माहीत? "बघ की बे," तुळशीराम म्हणाला, "तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर नीट संशय घेतला!" कॉलेजात त्याचं कौतुक पुष्कळ झालं होतं. त्याला खोडून काढायला मात्र कुणी कधी वाचलंच नव्हतं. त्या अकरा पानांना त्याने तीस पानांचं उत्तर दिलं. शेवटी एक ओळ होती, ती मी खोडायला सांगितली आणि त्याने खोडली नाही: 'आपण कधी पाटोद्याकडे आलात तर जेवायला या, म्हणजे नाव कळेल.'

पुस्तक स्वीकारलं गेलं. मग दोन कागद आले आणि सगळं अडलं. एक होता तुळशीरामने सही करायचा करार. दुसरा होता संमतीपत्राचा नमुना, पुस्तकात ज्या बायकांच्या मुलाखती होत्या त्या प्रत्येकीने सही किंवा अंगठा द्यायचा. करारात लिहिलं होतं की हक्क लेखकाचाच राहील, पण श्रेय देऊन कुणीही या पुस्तकाची प्रत काढू शकेल, भाषांतर करू शकेल, आणि एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येणार नाही. 'कुणीही' या शब्दाखाली मी लाल रेघ मारली. तीस वर्षं मी पुस्तकं कुलपात घालून सांभाळली होती. पुस्तक सुरक्षित ठेवायचं तर किल्ली आपल्या कनवटीला पाहिजे, एवढंच मला कळत होतं. "कुणीही म्हणजे कुणीही? उद्या कुणी मधली चार पानं उचलून वाट्टेल ते छापलं तर? थांब. घाई करू नको." तो थांबला. मी आठवड्याला नवी शंका काढत होतो आणि तो थांबत होता. असे चार महिने गेले. त्याच चार महिन्यांत त्याला जिना चढताना धाप लागायला लागली होती. ती बाब मात्र मी कुठल्याच लाल रेघेत धरली नाही.

मधल्या एका रविवारी संमतीपत्रं घेऊन आम्ही त्याच्या आजोळी गेलो. गावाचं नाव पुस्तकात आहे, इथे कशाला. विहारापुढे आठ-दहा बायका बसल्या होत्या. त्यांत केसरमावशी. तुळशीरामच्या आईच्या शेजारची, वय कुणालाच नक्की ठाऊक नाही, पण पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण तिच्या तोंडचं. तुळशीरामने कागद पुढे केला, शाईचा पॅड उघडला. सगळ्या बायकांनी हात पदराखाली घेतले. जणू कुणीतरी इंगळी पुढे ठेवली होती.

"मावशी, नुसता अंगठा पाहिजे."

"कावून?"

"तुमी सांगितलेलं पुस्तकात घ्यायला तुमची हरकत न्हाई, म्हणून."

"न्हाई की हरकत. तोंडानं सांगते. धा येळा सांगते. अंगठा न्हाई." मग ती मला ऐकवायला म्हणून माझ्याकडे वळली. "माझ्या सासऱ्याला म्हणले, हितं अंगठा दे, शाळेच्या छपराला पत्रे येणार हायत. पत्रे आले न्हाईत. घरचं वावर गेलं, मग गायरान फोडावं लागलं."

तुळशीराम समजावू लागला. हे लोक चांगले आहेत, मी चौकशी केली आहे, कागदात काही लपवलेलं नाही, एक एक शब्द वाचला आहे. वर्गात मुलांना समजवायचा तसाच आवाज. केसरमावशीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने त्याला 'सर' म्हटलं. एरवी ती त्याला 'तुळश्या' म्हणायची, तेव्हा हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"सर, तुमाला बी एक कागुद आलाय म्हणं त्या लोकांचा?"

"आलाय."

"मग केली का सही?"

मागची एक बाई तोंडाला पदर लावून हसली.

"...न्हाई अजून."

"का बरं? चांगले लोक हायत ना?"

परत येताना माझ्या स्कूटरवर मागे बसून तो कोऱ्या संमतीपत्रांची पिशवी मांडीवर धरून होता. पाटोद्याचा फाटा आला तेव्हा म्हणाला, "म्हातारीनं बरोबर धरलं." मी म्हणालो की तुझी गोष्ट वेगळी आहे. "काय वेगळी हाय? ती न वाचता घाबरती, मी वाचून घाबरतो. एवढाच फरक." मग थोड्या वेळाने, "आन् एक सांग... मला त्या लोकांचा संशय हाय, का माझाच?" मला कळलं नाही. तेव्हा त्याने सांगितलं. नियमाप्रमाणे त्याने पुस्तकात बायकांची नावं बदलली होती, केसरमावशीची शांताबाई केली होती. पण तिची खरी गोष्ट अशी होती की गावात कुणीही वाचली तर शांताबाई कोण ते दोन मिनिटांत ओळखेल. महागडं इंग्रजी पुस्तक असतं तर भीती नव्हती, ते गावात आलंच नसतं. ज्या मोठ्या घराने तिचं पीक एकदा पेटवून दिलं, त्याच्या दाराशीही हे पुस्तक फोनमधून फुकट पोचणार होतं. "माझं पुस्तक यावं म्हणून मी म्हातारीला उघड्यावर आणतोय का? हे तपासायला कुठला तज्ज्ञ हाय?" मी गाडी चालवत राहिलो.

पुढच्या रविवारी त्याने जे केलं ते, माझ्या अंदाजाने, त्या विद्यापीठाच्या इतिहासात कुणी केलं नसेल. तो करार घेऊन विहारापुढे बसला आणि प्रकरण वाचावं तसा त्याने तो कलमवार मराठीत वाचून दाखवला. 'उभय पक्ष' म्हणजे कोण, 'परवाना' म्हणजे काय, सगळं. बायका ज्वारी निवडावी तशी कलमं निवडत होत्या.

"कुणीबी वाचंल?" केसरमावशीने विचारलं.

"कुणीबी."

"मोठ्या घरचेबी?"

"त्येबी. मोबाइलवर. फुकट. तुझं नाव बदललंय मावशी, पण कळंल त्यांना."

"काय ठिवलं नाव?"

"शांताबाई."

"शांताबाई?" ती खरंच चिडली. "माझ्या सासूनं दगुड फोडले, म्या फोडले, आन् वावर शांताबाईचं? कोण हाय ही भवानी?"

तुळशीराम धोका समजावून सांगू लागला. तिने हाताने थांबवलं. "वाचू दे की त्यांला. त्यांला समदं ठावं हाय. नुसतं लिवलेलं न्हवतं, येवढंच." पण बाकीच्यांना हे मान्य नव्हतं. दोघी जणी तिथल्या तिथे म्हणाल्या की आमचं काढून टाका, पोरंबाळं गावात राहतात. तुळशीरामने लगेच पेन काढून त्यांच्या पानांवर आडवी रेघ मारली. एकीचं पान तर पुस्तकातलं फार महत्त्वाचं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मग आलं ते परवाना मागे न घेण्याचं कलम. केसरमावशी म्हणाली, "म्हंजे दिलं की दिलं."

"हो."

"आपल्याला मागं फिरता येत न्हाई. मग त्यांला येतं का? उद्या कुणी मोठ्यानं फोन केला, ते पुस्तक बंद करा म्हणून, आन् त्यांनी केलं बंद, तर?"

मी तो करार किती वेळा वाचला होता! पुस्तक कोण कोण उघडेल याचीच मला काळजी. ते कुणी मिटून टाकेल, ही शंका माझ्या डोक्यात आली नव्हती. तुळशीरामच्याही नव्हती. दोन दिवसांनी माझ्या घरून, वीज असेल अशी वेळ साधून, आम्ही त्या प्रकाशनसंस्थेच्या संपादकबाईंशी व्हिडिओवर बोललो. त्याने जसाच्या तसा प्रश्न विचारला आणि तो आपला नसून केसरबाईंचा आहे हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे. आमची संस्था उद्या बंद पडली तरी प्रती दुसऱ्या ग्रंथालयांच्या साठ्यात ठेवलेल्या असतात. शिवाय कुणीही उतरवून घेऊ शकतं. जी प्रत हजार ठिकाणी आहे ती एका फोनवर बंद कशी होणार?" अंगठ्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या की कागद नको असेल तर त्यांच्या आवाजात संमती रेकॉर्ड करा, आम्हाला चालेल. ज्यांना नको त्यांचं काढा. नाव ठेवायचं असेल तर परिणाम समजावून सांगा आणि त्यांचं ऐका. फोन ठेवल्यावर तुळशीराम म्हणाला, "इतकं सरळ कुणी बोलतं का बे?" मीही तोच विचार करत होतो. पण लाल रेघेतला 'कुणीही' आता मला वेगळा दिसत होता, आणि ते कबूल करायला मला जड जात होतं.

केसरमावशीला उत्तर कळवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे कागुद एकाच पेटीत न्हाई. बेस हाय. सासऱ्याच्या अंगठ्याचा एकाच पेटीत व्हता, तोबी दुसऱ्याच्या." मग तिने तुळशीरामला तिच्यासमोर सही करायला लावली. त्याने केली. नंतर तिने त्याच्या फोनमध्ये तोंड घालून, लांबच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात, आपलं नाव, सासूचं नाव, तुकड्याच्या चारी बाजू आणि 'माझं हेच नाव लिवायचं' असं सांगितलं.

पुढचे महिने तपासणीचे. मुखपृष्ठ आलं, त्यावर स्वतःचं नाव बरोबर लिहिलेलं बघून तो म्हणाला, "आपल्याकडं पहिल्या झटक्यात ओव्हाळ कुणी नीट लिहीत न्हाई. हे लोक खरे दिसतात." शेवटची प्रुफं त्याने बीडच्या दवाखान्यात उशाशी ठेवून तपासली. सुजाता माजलगावला बँकेत असते, ती रजा काढून आली होती, तिने पानं स्कॅन करून पाठवून दिली. तो गेल्यानंतर नवव्या दिवशी पुस्तक सगळ्यांसाठी खुलं झालं. नऊ दिवस. आणि मी त्याला थांबवलं होतं चार महिने. हे गणित करायला समाजशास्त्र लागत नाही.

कॉलेजात शोकसभा झाली. फ्लेक्सवर तुळशीरामचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि अध्यक्षांचा दरवाजाएवढा. अध्यक्ष म्हणाले की सरांचा ग्रंथ साता समुद्रापार गाजतो आहे, तेव्हा आज त्याचं प्रकाशनही उरकून घेऊ. आदल्या दिवशी मला निरोप आला होता, दहा प्रती पाठवा. मी कळवलं की छापील प्रत मागवावी लागते, ती आलेली नाही, पुस्तक फोनवर आहे, आत्ता उघडून वाचा, फुकट आहे. त्यावर कार्यालयातून विचारणा झाली, "मग सर, फीत कशाची सोडायची?" शेवटी त्यांनी तोडगा काढला. मुखपृष्ठाची रंगीत प्रत काढून एका जाड पुस्तकाला चढवली, वर चमकीचा कागद, फीत. अध्यक्षांनी ती सोडली, पुस्तक छातीशी धरलं, फोटो निघाले. पाठीचा आकार बघून मी ओळखलं. माझ्याच कपाटातलं होतं ते, माडीवरच्या प्रकाशकाचं. चला, एकदा तरी कुणी त्याला हात लावला. सभा संपल्यावर सुजाता माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, इथं एकानंबी फोनवर उघडून बघितलं न्हाई." ते अर्धंच खरं होतं असं पुढे कळलं. कॉलेजात नसेल, पण कुणीतरी उघडून बघितलं होतं.

गेल्या रविवारी आम्ही दोघं केसरमावशीकडे गेलो, पुस्तकातलं तिचं पान दाखवायला. मी फोन पुढे केला. तिने अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "ह्येच माझं नाव कशावरून?" सुजाताने एक एक अक्षर लावून दाखवलं. तिने मान हलवली, पण फारसं कौतुक दाखवलं नाही. मग म्हणाली, "मला ठावं हाय म्हणा. परवा मोठ्या घरचा बाजीराव आल्ता." सुजाताने तिचा हात धरला. "काय म्हणला, आजी?"

"दारात हुबा ऱ्हायला. त्याच्या विंग्रजी शिकल्याल्या पोरानं समदं वाचून दावलं म्हणं. मोबाइल दावून म्हणला, केसरबाई, ह्यात चुकीचं लिवलंय. तुज्या तुकड्याच्या वरल्या बांधाला लिंब लिवलाय. लिंब न्हवता तिथं, बाभूळ व्हती. माझ्या आज्यानं तोडली."

"मग?"

"मग काय मग? म्या म्हणलं, बाकी?" ती हसायला लागली, इतकी की तिला ठसका आला. "बाकी काय बोलला न्हाई बघ. समदं वाचलं त्यानं, आन् चूक निघाली येवढीच... एक झाड!"

परतताना सुजाताने मला तुळशीरामच्या घरी नेलं. त्याची खोली तिने आवरलेली नव्हती. खाट, टेबल, टेबलावर चष्म्याचं घर, आणि एक जाड वही जी मी आयुष्यात कधी पाहिलेली नव्हती. मधे उभ्या रेघा ओढून तीन रकाने केले होते. कुणी म्हटलं, काय म्हटलं, खरं निघालं का. वीस वर्षांच्या हरकती त्यात होत्या. मूग की मटकी, जाऊ की नणंद. अनामिक तज्ज्ञाचे अकरा पानांतले प्रश्न एका ओळीत एक असे उतरवलेले. पुस्तक बंद पडेल का, पुढे केसरमावशी, पुढे 'विचारलं ते बरं झालं'. शेवटून दुसऱ्या पानावर माझं नाव होतं. दुसऱ्या रकान्यात: थांब, घाई करू नको, यात काहीतरी असणार. तिसऱ्या रकान्यात त्याच्या बारीक, सरळ अक्षरात दोन शब्द. काही नव्हतं.

सुजाता चहा ठेवायला गेली होती. मी त्याच्या खुर्चीत बसलो, टेबलावरचंच पेन घेतलं आणि खालच्या रिकाम्या ओळीत लिहिलं: बाजीराव, मोठं घर. वरच्या बांधाला लिंब नव्हता, बाभूळ होती. तिसरा रकाना कोरा सोडला. बांधावर खोडाचा बुंधा अजून असेल तर लाकूड कशाचं आहे ते कळेल, पण त्यासाठी जाऊन बघायला लागेल... आणि या वेळी जाऊन बघायचं काम माझ्याकडे आलं आहे.